विद्यार्थी-सेवेची पदे : नाव, वर्ग आणि जबाबदारी

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठ म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे दोन व्यक्ती उभ्या राहतात. एक शिकविणारा प्राध्यापक आणि दुसरा शिकणारा विद्यार्थी. परंतु या दोघांच्या मध्ये आणखी एक व्यक्ती असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडला हे पाहणारी, वसतिगृहात रात्री ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात नेणारी, घरच्या ओढीने शिक्षण सोडू पाहणाऱ्या मुलीशी दोन शब्द बोलणारी, अन्याय झाला असता तक्रार कोठे करावी हे सांगणारी अशी ही व्यक्ती होय. तिला विद्यापीठाच्या आकृतिबंधात कोणते स्थान आहे, तिचे पदनाम काय, वर्ग कोणता, पात्रता कोणती आणि ती कोणाला उत्तरदायी आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वरकरणी हा विषय आस्थापना शाखेच्या फायलीतला वाटेल. वेतनश्रेणी, सेवाप्रवेश नियम, बिंदुनामावली हे शब्द ऐकताच श्रोत्यांचे मन दुसरीकडे वळावे यात नवल नाही. तथापि ज्या कामाला पद नाही ते काम कोणाचेच नसते, हा प्रशासनातील जुना अनुभव आहे. नदीवर पूल मंजूर झाला आणि त्याच्या देखभालीसाठी माणूस नेमला नाही, तर पुलाची जी गत होते, तीच गत विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या चांगल्या योजनांची होऊ शकते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे.

दोन जिल्हे, एक विद्यापीठ

पूर्वीच्या विस्तीर्ण चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ इतकी होती. त्यांपैकी सुमारे ३८ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूभागावर वने आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत २२ लाख ४ हजार ३०७ होती. एकीकडे कोळशाच्या खाणी व औष्णिक वीज केंद्र, दुसरीकडे सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडील धानाची शेते आणि तिसरीकडे जिवतीच्या डोंगरावरील कोलाम वस्त्या असे या जिल्ह्याचे बहुविध रूप आहे.

या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये दीर्घकाळ नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. १९२३ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाने या भागातील अनेक पिढ्या घडविल्या. परंतु सिरोंच्यापासून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. गुणपत्रिकेतील एखादी चूक दुरुस्त करून घ्यावयाची, तर विद्यार्थ्याला दोन-तीन दिवसांचा प्रवास आणि घरच्या मजुरीवर पाणी सोडणे भाग पडे. ही अडचण ध्यानी घेऊनच गडचिरोली येथे स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ स्थापन करण्यात आले आणि २ ऑक्टोबर २०११ पासून त्याचा कारभार सुरू झाला. चंद्रपूर व गडचिरोली हे दोनच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

विद्यापीठ जवळ आले खरे. परंतु सिरोंच्यापासून गडचिरोलीही दोनशे किलोमीटरांच्या पुढेच आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. गावात माडिया किंवा गोंडी, बाजारात तेलुगू किंवा छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडे बंगाली, वर्गात मराठी आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी असा भाषांचा प्रवास येथील विद्यार्थी रोज करीत असतो. म्हणून या विद्यापीठाच्या बाबतीत विद्यार्थी-सेवा ही शिक्षणाला जोडलेली शोभेची झालर ठरत नाही. तिच्यावाचून शिक्षणाचे वस्त्रच उसवते.

परंपरा आपल्याच मातीतील

विद्यार्थ्याच्या राहण्याजेवणाची काळजी वाहणे हे शिक्षणाचेच अंग आहे, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृहाचा आरंभ केला आणि पुढे निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. केवळ शाळा काढून भागणार नाही, खेड्यातील मुलाला शहरात अंग टेकण्यास जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि श्रम करून शिकण्याची प्रथा रुजविली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा पाया होता. आज राज्यातील विद्यापीठांत याच नावाची योजना चालते आणि ती चालविण्याचे काम विद्यार्थी विकास विभागाकडे असते.

स्वातंत्र्यानंतर या विचाराला राष्ट्रीय पातळीवर शब्दरूप मिळाले ते कोठारी आयोगाच्या अहवालात. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाने विद्यार्थी-सेवा ही नुसती कल्याणकारी बाब न मानता शिक्षणाचा अविभाज्य भाग मानली. या सेवांच्या व्यवस्थेसाठी पूर्णवेळ विद्यार्थी-कल्याण अधिष्ठाता असावा आणि दर हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, अशी शिफारस त्याने केली. अमेरिकेत १९३७ साली तेथील शिक्षण परिषदेने अशाच आशयाचे निवेदन प्रसिद्ध केले होते. विद्यार्थ्याच्या बुद्धीबरोबरच त्याच्या संपूर्ण व्यक्तिमत्त्वाकडे संस्थेने पाहावे, असे त्याचे सूत्र होते. तेथे कालांतराने या कामाचा स्वतंत्र व्यवसायच निर्माण झाला. आपल्याकडे शिफारस झाली, परंतु तिच्यामागून यावयाची पदांची बांधणी सावकाश व तुटकपणे होत गेली.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ च्या काळात ‘विद्यार्थी कल्याण’ हा शब्द रूढ होता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अंमलात आला आणि ‘कल्याण’ या शब्दाची जागा ‘विकास’ या शब्दाने घेतली. विद्यार्थी विकास मंडळ आणि त्याचा संचालक यांना कायद्यात स्थान मिळाले. हा बदल केवळ शब्दांचा नाही. कल्याण करणारा दाता असतो आणि घेणारा याचक. विकासात मात्र विद्यार्थी स्वतः भागीदार असतो. आता प्रश्न असा की, शब्द बदलला तशी पदांची रचनाही बदलली काय?

आजची वर्गवारी

विद्यापीठांत व महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या सेवेत असलेली माणसे आज प्रामुख्याने चार निरनिराळ्या कप्प्यांत विभागलेली आढळतात.

पहिला कप्पा कायद्याने निर्माण केलेल्या अधिकाऱ्यांचा. विद्यार्थी विकास संचालक, क्रीडा व शारीरिक शिक्षण संचालक, आजीवन अध्ययन व विस्तार संचालक ही पदे यात येतात. राज्यातील विद्यापीठांचे ‘इंद्रधनुष्य’ हे सांस्कृतिक संमेलन, आपत्ती व्यवस्थापनाचे ‘आव्हान’ शिबिर, ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव अशा उपक्रमांसाठी विद्यार्थ्यांची तयारी करून घेणे हा या अधिकाऱ्यांच्या कामाचा लोकांना दिसणारा भाग होय.

दुसरा कप्पा शिक्षकांशी समकक्ष मानलेल्यांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांत प्राध्यापकांच्या जोडीने ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक यांची पात्रता, निवड व बढती यांचे नियम दिलेले आहेत. सहायक, उप आणि संचालक अशी त्यांची शिडी आहे व प्रत्येक पायरीला शैक्षणिक वेतनस्तर ठरलेला आहे. राज्य शासनाने ८ मार्च २०१९ च्या निर्णयान्वये सातव्या वेतन आयोगानुसार सुधारित वेतनश्रेण्या लागू केल्या, त्या वेळी या पदांचाही त्यात समावेश होता.

तिसरा कप्पा शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा. सहायक कुलसचिव, कक्ष अधिकारी, अधीक्षक, लिपिक ही मंडळी यात येतात. त्यांच्या सेवाशर्ती १९८४ च्या प्रमाणसंहितेपासून नियमबद्ध झालेल्या आहेत. पात्रता विभाग, शिष्यवृत्ती विभाग, वसतिगृहाचे कार्यालय ही कामे त्यांच्या हातून होतात. विद्यार्थ्याची विद्यापीठाशी पहिली भेट बहुधा याच खिडकीवर होते.

चौथा कप्पा सर्वांत मोठा आणि सर्वांत अस्पष्ट. तो आहे अतिरिक्त कार्यभाराचा. महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकारी हा मुळात इतिहासाचा, मराठीचा किंवा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारीही प्राध्यापकच. त्याच्या पथकात साधारणपणे १०० स्वयंसेवक असतात. प्रत्येक स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावयाचे, असा नेम आहे. त्याच प्राध्यापकाकडे आठवड्याला सोळा तासांचे प्रत्यक्ष अध्यापनही असते. वसतिगृहाचा रेक्टर, समुपदेशन कक्षाचा समन्वयक, शिष्यवृत्तीचा समन्वयक या भूमिकाही अनेकदा अशाच वाटल्या जातात.

या चार कप्प्यांच्या बाहेर एक व्यक्ती उभी आहे. ती म्हणजे शासकीय वसतिगृहाचा गृहपाल. आदिवासी विकास विभागाची गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर अशी पाच प्रकल्प कार्यालये या दोन जिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्या अखत्यारीत वसतिगृहे चालतात. महाविद्यालयात जाणारा मुलगा दिवसा विद्यापीठाचा व रात्री प्रकल्प कार्यालयाचा असतो. गृहपालाला त्याची वर्गातील हजेरी ठाऊक नसते. प्राध्यापकाला त्याचे आजारपण ठाऊक नसते.

वर्गवारीने काय बिघडते?

आता या रचनेतील मर्म पाहिले पाहिजे. ग्रंथालयाला आणि क्रीडांगणाला स्वतंत्र शिडी मिळाली. त्यामुळे त्या कामाचे शिक्षण घेतलेली माणसे तेथे येतात, टिकतात आणि अनुभवाने मोठी होतात. समुपदेशन, वसतिगृह व्यवस्थापन, शिष्यवृत्ती सहाय्य आणि तक्रार निवारण या कामांना मात्र अशी सलग शिडी लाभलेली नाही. समाजकार्य किंवा मानसशास्त्र यांची पदव्युत्तर पदवी घेतलेला तरुण मानधनावर वा कंत्राटी तत्त्वावर येतो, दोन वर्षांत परिसर ओळखू लागतो आणि कायम नोकरी मिळताच निघून जातो. पुढच्या वर्षी नवा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करतो.

अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या प्राध्यापकांचा यात दोष नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी पदरमोड करून मुलांना परीक्षेला बसविले आहे. परंतु व्यवस्था व्यक्तीच्या चांगुलपणावर उभी राहिली की ती व्यक्ती बदलताच कोसळते. प्रभारी माणसाला अधिकार अपुरे असतात, कामाचे मोजमाप नसते आणि बढतीच्या वेळी त्याने विद्यार्थ्यांसाठी घातलेल्या रात्री कोणत्याही रकान्यात नीट बसत नाहीत.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. पदांची वर्गवारी केवळ पगारासाठी नसते. जी कामे एकाच हाती असू नयेत ती वेगळी करण्यासाठीही ती असते. वसतिगृहात शिस्तभंगाची कारवाई करणारा आणि विद्यार्थ्याच्या मनातील भीती ऐकून घेणारा हे दोघे एकच असतील, तर विद्यार्थी तोंड उघडणार नाही. अंतर्गत गुण देणाऱ्या प्राध्यापकाकडेच गुणांविषयीची तक्रार नेण्यास सांगितले, तर ती तक्रार कागदावर उतरणारच नाही. लहान महाविद्यालयात चार-सहा प्राध्यापक असतात आणि सगळ्या समित्या त्यांच्यातच फिरतात. कागदोपत्री दहा समित्या, प्रत्यक्षात तीच माणसे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम प्रसिद्ध केले, त्यांत हे विभाजन स्पष्ट दिसते. संस्थेच्या पातळीवरील समितीत अध्यक्ष व सदस्य प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक असावेत, विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी विशेष निमंत्रित असावा, तसेच महिला आणि मागास प्रवर्गांना स्थान असावे असे त्यात म्हटले आहे. समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता यावे, अशी ही दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. लोकपाल हा निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असावा असे बंधन घातले आहे. म्हणजे न्याय करणाऱ्याचे पद सेवा देणाऱ्याच्या पदापासून वेगळे केले गेले.

सेवा देणाऱ्याच्या पदासंबंधीही दिशा मिळाली आहे. आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावे असे सुचविले आहे. या केंद्राचा प्रमुख संचालक किंवा अधिष्ठाता या पातळीचा, प्राध्यापक श्रेणीचा असावा आणि तो मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण, मनोविकारशास्त्र, समाजकार्य किंवा समाजशास्त्र यांपैकी एखाद्या विषयातील असावा, अशी ही कल्पना आहे. पुढे २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे निर्देश दिले. साठ वर्षांपूर्वी जी शिफारस होती ती आता बंधनाच्या दिशेने सरकली आहे.

वर्षभराचा मार्ग

या पदांची गरज नेमकी कोठे भासते, हे वनभागातील विद्यार्थ्याच्या एका वर्षाकडे पाहिले असता कळते. जून महिन्यात प्रवेश सुरू होतात आणि पहिली ठेच लागते ती कागदपत्रांची. जातीच्या दाखल्यानंतर जात वैधता प्रमाणपत्र हवे. त्यासाठी अनुसूचित जमातीच्या कुटुंबाकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे शाळेचा जुना दाखला कोठून येणार? वनविभागाची किंवा महसुलाची जुनी नोंद शोधावी लागते आणि ती कोठे शोधावी हे सांगणारा माणूस लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये नद्या भरतात. मुले गावी अडकतात, हजेरी घटते. याच काळात महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो. आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला नसला की मंजूर रक्कमही परत फिरते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात भोजन, निवास व निर्वाह यांसाठीची रक्कम थेट खात्यात जमा होते. योजना चांगली आहे. पण रक्कम हाती पडेपर्यंत खोलीचे भाडे कोणी भरावयाचे, हा प्रश्न घरमालक पहिल्याच महिन्यात विचारतो. त्या वेळी मुलाची बाजू मांडणारे, प्रकल्प कार्यालयात पाठपुरावा करणारे कोणी असेल तर तो टिकतो. नसेल तर दसऱ्याला गावी गेलेला मुलगा परत येत नाही.

हिवाळ्यात सत्र परीक्षा येतात. इंग्रजी पारिभाषिक शब्दांनी गोंधळलेली मुलगी अनुत्तीर्ण होते आणि आपण शिकण्यास लायकच नाही असा समज करून घेते. मनाचे दुखणे सांगण्याचे शब्द तिच्याजवळ माडियात आहेत, ऐकणाऱ्याजवळ मराठीत. पुढे एप्रिल-मे महिन्यांत मोहफुले आणि तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. घरच्या वर्षभराच्या रोख कमाईचा मोठा भाग याच दिवसांत मिळतो आणि नेमक्या याच सुमारास परीक्षाही असतात. या मुलांना आळशी ठरविणे सोपे आहे. त्यांचे वर्ष जंगलाच्या पंचांगाने चालते, हे समजून घेऊन वेळापत्रक व सवलती सुचविणारा ज्येष्ठ अधिकारी विद्यापीठात असणे हे खरे काम होय.

रचना कशी असावी?

यावर उपाय म्हणजे पदांची संख्या भरमसाट वाढविणे नव्हे. कामाची नीट विभागणी आणि प्रत्येक पातळीला साजेसे अधिकार, इतकेच प्रथम साधले पाहिजे.

विद्यापीठाच्या पातळीवर विद्यार्थी विकास संचालक हे पद पूर्णवेळ असावे आणि अधिष्ठात्यांच्या बरोबरीने त्याचे म्हणणे निर्णयाच्या ठिकाणी ऐकले जावे. वर्षअखेरीस विद्यापीठाने किती कार्यक्रम केले यावर त्याच्या कामाचे मोजमाप होऊ नये. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती विद्यार्थी पुढच्या वर्षात गेले, शिष्यवृत्ती किती दिवसांत मिळाली आणि तक्रारी किती मुदतीत निकाली निघाल्या, यांवर ते व्हावे.

दुसरी पातळी विशेषज्ञांची. समुपदेशक, समाजकार्यकर्ता, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा समन्वयक आणि शिष्यवृत्ती सहाय्य अधिकारी यांना ग्रंथपालांप्रमाणे पात्रतेची अट, वेतनस्तर आणि बढतीची पायरी असावी. प्रत्येक लहान महाविद्यालयाला स्वतंत्र समुपदेशक देणे कठीण असेल, तर अहेरी, वडसा, राजुरा, वरोरा अशा ठिकाणी काही महाविद्यालयांच्या गटाला मिळून एक विशेषज्ञ देता येईल. ठरलेल्या वारी तो ठरलेल्या महाविद्यालयात जाईल. आठवडी बाजाराची सवय असलेल्या या मुलखाला ही रीत सहज पचेल.

तिसरी पातळी महाविद्यालयातील प्राध्यापकाची. त्याला या कामातून काढून टाकणे चुकीचे ठरेल, कारण मुलांना नावाने ओळखणारा तोच असतो. मात्र त्याच्या कार्यभारातून तितके तास वजा करावेत, कामाची लेखी कर्तव्यसूची द्यावी आणि हे काम त्याच्या मूल्यमापनात धरावे.

चौथी पातळी खिडकीवरील लिपिकाची व वसतिगृहातील गृहपालाची. त्यांना प्रशिक्षण द्यावे. गृहपाल आणि महाविद्यालय यांच्यात महिन्यातून एक बैठक व्हावी. आणि या सर्व पातळ्यांवर, निदान वनभागातील नेमणुकांत, गोंडी किंवा माडिया भाषेचे ज्ञान हा अधिक गुण मानला जावा. जी भाषा येत असल्यामुळे मुलाला घरच्यासारखे वाटते, ती सेवाप्रवेश नियमांत गुण म्हणून का धरली जाऊ नये?

काही शंका

असे म्हटले जाईल की, अध्यापकांच्या जागाच रिक्त असताना या पदांचा आग्रह कशासाठी? शंका रास्त आहे. परंतु मध्येच शिक्षण सोडून गेलेल्या विद्यार्थ्यावर झालेला खर्च कोणत्या जमेत धरावयाचा, याचाही विचार व्हावा. दुसरी शंका अशी की, स्वतंत्र संवर्ग निर्माण झाला की जिव्हाळा संपतो आणि कार्यालय उरते. हा धोका खरा आहे. म्हणूनच प्राध्यापक आणि विशेषज्ञ या दोघांची जोडी आवश्यक आहे. जिव्हाळा प्राध्यापकाने द्यावा, कौशल्य विशेषज्ञाने द्यावे आणि निवाडा दोघांपासून स्वतंत्र असलेल्या समितीने करावा. तिसरी शंका, दूरध्वनीवरील सेवा असताना माणूस कशाला? मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सेवा सुरू झाली असून १४४१६ हा तिचा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर असावयास हवा. परंतु ज्या गावात झाडावर चढल्याशिवाय भ्रमणध्वनीला संकेत मिळत नाही, तेथे क्रमांक हा माणसाला पर्याय होऊ शकत नाही.

आपला वाटा

पदनिर्मिती शासन आणि विद्यापीठ यांच्या हाती आहे. तोवर इतरांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. अधिकाऱ्यांना इतके निश्चित करता येईल की, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे दाखले व वैधता प्रकरणे जूनपूर्वी निकाली निघावीत आणि प्रकल्प कार्यालयात महाविद्यालयांशी बोलणारा एक माणूस नावानिशी ठरलेला असावा. प्राचार्यांना आपल्या महाविद्यालयातील समित्यांच्या याद्या एकदा समोर ठेवून पाहता येतील. शिक्षा देणारा आणि ऐकून घेणारा एकच तर नाही ना, हे त्यात सहज दिसेल. माध्यमिक शिक्षकांना बारावीच्या मुलांची कागदपत्रे वर्षभर आधी तपासता येतील.

पंचायत सदस्यांचे काम याहून मोलाचे आहे. गावातून महाविद्यालयात किती मुले-मुली गेली आणि त्यांपैकी किती परत आली, याची नोंद ग्रामसभेत वर्षातून एकदा वाचली जावी. ज्या ग्रामसभा आज सामूहिक वनहक्काच्या जोरावर तेंदू-बांबूचा हिशेब स्वतः ठेवतात, त्यांना आपल्या मुलांचा हिशेब ठेवणे अवघड नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात विद्यार्थी विकास अधिकारी कोण आहे, हे सरपंचाला नावाने ठाऊक असले, तर दसऱ्यानंतर परत न गेलेल्या मुलाचा निरोप योग्य जागी पोचेल.

पद, वर्ग, वेतनश्रेणी हे शब्द रूक्ष खरे. परंतु शासनाच्या भाषेत जबाबदारी घेण्याची हीच रीत आहे. शाळेत गुरुजींचे पद निर्माण झाले म्हणून गावोगाव अक्षरओळख पोचली आणि आरोग्य केंद्रात परिचारिकेचे पद निर्माण झाले म्हणून बाळंतिणीच्या उशाशी कोणी बसू लागले. विद्यापीठाच्या दारात बावरून उभ्या असलेल्या वनवस्तीतील मुलीचे स्वागत करणे, हेही आता कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावयास हवे. तिने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला “हे माझे काम आहे, बस” असे उत्तर देणारी व्यक्ती तेथे असली, की उच्च शिक्षणाचा अर्धा मार्ग तिने पार केला असे समजण्यास हरकत नाही.